‘बुवा’ आणि ‘पेटी’: फेरफार केलेला जुना व्हॉल्व्ह गिटार ॲम्प कसा उभा करावा

पुढच्या पट्टीवर दोन जॅक होते. एकाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने ‘बुवा’ लिहिलेलं, दुसऱ्याखाली ‘पेटी’. कंपनीची पाटी उखडलेली. जालन्याकडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान निघालं होतं, त्यात हे धूड मला साडेतीन हजारांत मिळालं. ऑर्केस्ट्राकडून मांडववाल्याकडे, मांडववाल्याकडून सप्ताहात आणि तिथून परत ऑर्केस्ट्राच्या अडगळीत, असा त्याचा प्रवास. गिटार लावली तर आवाज डालड्याच्या डब्यातून आल्यासारखा.

मी परभणीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि दुकान बंद झालं की गिटार वाजवतो. असा ॲम्प पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो: आत चमत्कारिक जोडणी दिसली की लगेच उपटून ‘ओरिजिनल’ करायला धावू नका. ज्याने ती केली तो काही येडा नव्हता. त्याच्यापुढे कसली तरी अडचण होती. ती ओळखली की ती तार तिथे का गेली ते कळतं, आणि मग ठेवायची की काढायची हेही ठरवता येतं.

घेताना

विकणारा म्हणतो, “लावून दाखवू का?” नको म्हणा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या फिल्टर कंडेन्सरला (डीसी सपाट करणाऱ्या) एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर त्याचा फटाका होतो आणि जाताना तो ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. खिशात मीटर ठेवा. स्विच ऑन करून, पण प्लग हातातच धरून, दोन पिनांमध्ये ओहम बघा. अशा पंधरा-वीस वॉटच्या ॲम्पला साधारण २० ते ५० ओहम दिसले तर मेन ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे लाइटीकडची गुंडाळी, शाबूत आहे. स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मधली तार असते. तिथून दोन्ही टोकांपर्यंत प्रत्येकी शे-दोनशे ओहम यायला हवेत. माझ्याकडे एकीकडे ११२ आणि दुसरीकडे १२८ आले. घाबरू नका, बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते म्हणून तो फरक असतो. एका बाजूला मीटर हललंच नाही तर मात्र भाव निम्म्यावर आणा. आपल्याकडे गल्लोगल्ली रिवाइंडिंगवाले आहेत, पण त्यांचा हात पाणबुडी मोटारींवर बसलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची थराथराची गुंडाळी करून देणारा शोधावा लागतो.

मग नाक लावा. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

व्हॉल्व्हची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांची, फार काळजी करू नका. माझ्यात दोन ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ईझेड८१ होता. काहींवर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का, म्हणजे देशात व्हॉल्व्ह बनत होते त्या काळातले. ईसीसी८३ला अमेरिकन नावाने १२एएक्स७ म्हणतात आणि ईएल८४ला ६बीक्यू५. दोन्ही आजही नवे बनतात, ऑनलाइन मिळतात. महाग जातं ते लोखंड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर; काच नाही.

आधी जीव

टीव्ही-रेडिओ उघडणाऱ्यांनीही हा भाग वाचावा, कारण आपल्यालाच फाजील आत्मविश्वास असतो. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं. त्याला आम्ही एचटी म्हणतो. प्लग काढला तरी ते फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतं. “काल रात्रीपासून बंदच आहे की” असं म्हणत मी एकदा स्क्रूड्रायव्हर आत घातला होता. टोकाचा तुकडा उडाला आणि माझा हात कोपरापर्यंत झिणझिणत राहिला. चार्ज आपोआप उतरवणारा रेझिस्टन्स कोणीतरी काढून टाकलेला होता, आणि मी तो बघितलाच नव्हता.

म्हणून एक साधन बनवून ठेवा. दहा किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टन्स, एका बाजूला लवचीक तार आणि मगरचिमटा, दुसऱ्या बाजूला जाड इन्सुलेशनची टोचणी. चिमटा चॅसिसला, म्हणजे ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्याला, लावायचा, टोचणी कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अडीच-तीन सेकंदांत रिकामा होतो. मी दहा आकडे मोजतो. मग मीटरने शून्य बघा. पाच मिनिटांनी परत बघा, कारण मोठा कंडेन्सर थोडं व्होल्टेज पुन्हा वर आणतो. प्रत्येक फिल्टरला हे वेगवेगळं करा.

चालू ॲम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात. संभाजीनगरला शहागंजात ज्यांच्याकडे मी शिकलो, ते चाचा टेबलाच्या पलीकडून फक्त “हल्लू… हल्लू” म्हणत बसायचे आणि नजर माझ्या डाव्या हातावर ठेवायचे. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढा. पायात रबरी चप्पल. घरात दुसरं माणूस जागं असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. मीटर आणि त्याच्या तारा किमान ६०० व्होल्टच्या असाव्यात. दीडशे रुपयांच्या मीटरच्या तारा या कामाच्या नाहीत.

घरातली अर्थिंग खरी आहे का, हेही वायरमनकडून बघून घ्या. कित्येक घरांत तिसऱ्या पिनच्या मागे काहीच नसतं. असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी सोडावं लागतं.

उघडा, फोटो काढा, कागदावर उतरवा

माझ्या ॲम्पमध्ये कुंभारमाशीची दोन मातीची घरं, उंदराने साठवलेला मूठभर ज्वारीचा कोंडा आणि तीन पिढ्यांची सोल्डरिंग निघाली. मऊ ब्रशने झाडा, पाणी नको. सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मग पेन्सिल घेऊन बसा.

नकाशा काढायला व्हॉल्व्हच्या पिना माहीत हव्यात: सिग्नल ग्रिडवर आत येतो आणि प्लेटवरून मोठा होऊन निघतो, कॅथोड खालचं टोक, हीटर त्याला तापवतो. चॅसिस उलटं ठेवून बेसकडे बघायचं. जिथे दोन पिनांमधलं अंतर मोठं आहे तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायचं. ईसीसी८३च्या पोटात दोन व्हॉल्व्ह असतात: प्लेट १ आणि ६, ग्रिड २ आणि ७, कॅथोड ३ आणि ८. हीटर ४, ५ आणि ९. ईएल८४ला ग्रिड २, कॅथोड ३, हीटर ४-५, प्लेट ७ आणि स्क्रीन ९. ईझेड८१च्या प्लेट १ आणि ७, कॅथोड ३, हीटर ४-५. इतकं पाठ असलं की गिटारच्या जॅकपासून स्पीकरपर्यंत एकेक तार धरून जाता येतं. मला दोन संध्याकाळी लागल्या. जिथे नेहमीच्या रचनेशी जुळलं नाही, तिथे लाल पेन्सिलने गोल केला. सात गोल झाले.

यातले दोन विचार न करता निपटायचे असतात, कारण त्यांत जीव जातो. पहिला फ्यूज. होल्डरमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पाच-सहा पेड पिळून बसवलेले होते. तिथे एक अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज बसवला. दुसरा म्हणजे मेनच्या एका तारेपासून चॅसिसला गेलेला छोटा कंडेन्सर. दोन पिनांच्या जमान्यात गुणगुण कमी करायला तो खुद्द कंपन्याच लावत. चांगला असतानाही तो गिटारच्या तारांना मुंग्या आणतो. शॉर्ट झाला तर तारांवर सरळ फेज येते, आणि ओठ माइकला टेकले की झालंच. तो कापून टाका. मग तीन तारांची केबल टाका: फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला. न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. अर्थ चॅसिसला, स्वतःच्या वेगळ्या नट-बोल्टवर, रंग खरवडून. हिरवी तार बाकी दोन्हींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तरी ती सगळ्यांत शेवटी तुटेल.

सिरीज बल्ब

दुकानात असतो तसा बोर्ड बनवा. फेजच्या वाटेत बल्ब-होल्डर आणि पुढे सॉकेट. बल्ब १०० वॉटचा, तारेचाच हवा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. जुने बल्ब दिसले की दोन-तीन घेऊन ठेवा, आता ते सहज मिळत नाहीत.

सगळे व्हॉल्व्ह काढून ॲम्प या बोर्डातून लावा. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. माझा मंद झाला, पण पूर्ण विझला नाही. एचटीचे फिल्टर गळत होते. सगळे फिल्टर नवे ४५० व्होल्टचे बसवले. जुन्यांना हळूहळू व्होल्टेज चढवून जिवंत करतात, पण पन्नास वर्षांच्या कंडेन्सरवर इतकी माया मला परवडत नाही. फक्त पहिला फिल्टर उगंच मोठा घालू नका. ईझेड८१ला ५० मायक्रोफॅरडपर्यंतच झेपतं.

लाल गोलांची उकल

आता मजेचा भाग.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा सिलेक्टर होता, २००, २२० आणि २४०. कोणीतरी तो काढून तार कायमची २००च्या टॅपला (ट्रान्सफॉर्मरच्या २०० व्होल्टच्या टोकाला) सोल्डर केली होती. शहरात हा वेडेपणा वाटेल. पण सप्ताह गावात, वेळ संध्याकाळची, सगळ्यांच्या मोटारी चालू आणि होल्टेज पार बसलेलं. त्या दिवसांत २००चा टॅप म्हणजे शहाणपणच होतं. आज माझ्या सॉकेटला २४५ येतात. २४५ भागिले २०० म्हणजे सव्वापटीच्या जवळ. जिथे हीटरला ६.३ हवेत तिथे ७.७ व्होल्ट गेले असते. दहा टक्क्यांपर्यंत हीटर सहन करतो, एवढं नाही. टॅप २४०वर आणला.

ईझेड८१ जागेवर होता, त्याचा हीटर झोकात पेटायचा आणि काम शून्य. बेसच्या खाली १ आणि ७ नंबरच्या पिनांपासून ३ नंबरला दोन डायोड, १एन४००७, जोडलेले. कारण तेच: डायोडमध्ये व्होल्टेज कमी गळतं, त्यामुळे बसलेल्या लाइटीवरही एचटी वर राहतं. शिवाय व्हॉल्व्ह कमजोर झाला असेल आणि नवा आणायला संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठावं लागत असेल. पण २००चा टॅप, २४५ची लाइट आणि डायोड हे तिन्ही एकत्र आले की एचटीच्या २५० व्होल्टच्या गुंडाळीवर ३०६ येतात, आणि व्हॉल्व्ह तापायच्या आत फिल्टरवर ४३३ डीसी. डायोड काढले, ईझेड८१ परत कामाला लावला. तुम्हाला डायोड ठेवायचेच असतील तर प्रत्येक बाजूला दोन-दोन ओळीत जोडा. एका डायोडला उलट्या दिशेने ७००च्या वर व्होल्ट झेलावे लागतात आणि आपल्या लाइटीचे झटके वेगळेच.

मागे एक जादा ट्रान्सफॉर्मर आणि दोन पितळी स्क्रू होते. हे कोडं मांडववाल्यांना लगेच सुटेल: भोंग्यांची १०० व्होल्टची लाइन. आठ ओहमच्या स्पीकरला १५ वॉट द्यायला १.३७ अँपिअर वाहतो. तेच १५ वॉट १०० व्होल्टवर पाठवले तर ०.१५ अँपिअर पुरतो. म्हणून पातळ तारेवर लिंबाच्या झाडापर्यंत, वेशीपर्यंत भोंगे नेता येतात. गिटारला याचा उपयोग नाही. काढून पिशवीत घालून ठेवला, फेकला नाही.

आता डालड्याच्या डब्याचा आवाज. यात मी चार दिवस घालवले. आधी स्पीकरवर संशय घेतला, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. शेवटी नकाशा समोर धरून प्रत्येक कपलिंग कंडेन्सरचा, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणाऱ्याचा, आकडा लिहीत गेलो. सगळे जुने, मेणाचे, ०.०२२ मायक्रोफॅरडचे. पहिल्या ईसीसी८३कडून दुसऱ्याकडे जाणारा एकटाच पिवळा, चकचकीत, त्यावर १०२. म्हणजे हजार पिकोफॅरड, बाकीच्यांच्या बाविसावा हिस्सा. पुढे ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स. गणित केलं तर सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. ती आत शिरायच्या आधीच गळत होती.

हे कोणी का करावं? भोंग्याच्या युनिटमध्ये पातळ पडदा असतो. खालचा खर्ज त्याला सोसत नाही, पडदा फाटतो. त्या माणसाने एका पिवळ्या कंडेन्सरने भोंगे वाचवले होते, आणि बुवांचा आवाजही लांबवर स्पष्ट गेला असणार. मला मनापासून दाद द्यावीशी वाटली. मग तो काढून ०.०२२, ६३० व्होल्टचा बसवला.

बाकीचे किरकोळ. प्लेटला लावलेला एक १०० किलोओहमचा रेझिस्टन्स १३७ दाखवत होता, बदलला. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वरच सरकतात, आणि कडकड आवाज बहुतेक त्यांचाच असतो. एका वेळी एकच बदल करा आणि मोजा. सगळं एकदम बदलून चूक झाली तर कुठे झाली ते सापडत नाही.

स्पीकर कोणता?

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला तीन तारा निघाल्या, कशावरच खूण नाही. ॲम्प प्लगमधून काढलेला आणि व्हॉल्व्ह काढलेले असताना, दोन प्लेटांच्या तारांना लहान ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी दिले. काळी आणि हिरवीत ०.३८ व्होल्ट मिळाले, काळी आणि लालमध्ये ०.५४. बारा भागिले ०.३८ म्हणजे ३१.६, त्याचा वर्ग हजाराच्या आसपास. आठ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला आठ हजार ओहम दिसतील. ईएल८४च्या जोडीला तेवढेच हवे असतात. म्हणजे हिरवी आठची, लाल सोळाची. हे उलटं करू नका. स्पीकरच्या बाजूला बारा व्होल्ट दिले तर प्लेटच्या बाजूला पावणेचारशे निघतील.

आणि स्पीकर न लावता व्हॉल्व्ह ॲम्प कधीच चालू करायचा नाही. ट्रान्झिस्टरवाल्यांची ही सवय इथे ट्रान्सफॉर्मर जाळते.

व्हॉल्व्ह बसवल्यावर

स्पीकर जोडा, व्हॉल्व्ह बसवा, पहिल्यांदा सिरीज बल्बमधूनच. हीटरमुळे बल्ब थोडा पेटेल, ते चालतं. नंतर सरळ लाइटीवर घ्या. ईएल८४च्या प्लेटकडे बघत राहा. ती लाल व्हायला लागली तर तत्क्षणी बंद.

मग दोन मापं. ईएल८४च्या ग्रिडला, पिन २वर, डीसी शून्य हवं. माझ्याकडे एकीकडे दीड व्होल्ट पॉझिटिव्ह आले. ॲम्प बंद करून तो व्हॉल्व्ह काढला, त्याच्याविनाच ॲम्प पुन्हा चालू करून मोजलं, तरी तेच. म्हणजे मेणाचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. व्हॉल्व्ह काढल्यावर आकडा गेला असता तर दोष व्हॉल्व्हचा.

दुसरं माप कॅथोडचं. दोघांचा मिळून १३० ओहमचा रेझिस्टन्स आहे, त्यावर १०.४ व्होल्ट. म्हणजे ८० मिलिअँपिअर, प्रत्येकी ४०. त्यातले चारेक स्क्रीनचे वजा करा, उरले ३६. प्लेटला ३००, कॅथोडचे दहा वजा केले तर २९०. गुणाकार साडेदहा वॉटच्या आत. ईएल८४ची मर्यादा १२ वॉट, त्यामुळे आपण बरे आहोत.

फीडबॅकची एक तार कापून टेप मारलेली होती, ती मी मोठ्या उत्साहाने जोडली. ॲम्पने अशी शिट्टी मारली की शेजारचं कुत्रं उठलं. स्पीकरकडून परत येणारा सिग्नल उलटा पडला की असं होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि शांत झाला.

गुणगुण उरली तर कान द्या. ५० हर्ट्झची जाड घुमघुम असेल तर हीटरकडे बघा. हीटरच्या गुंडाळीला मधली तार नसेल तर दोन्ही टोकांपासून चॅसिसला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टन्स लावा. १०० हर्ट्झची जरा चढी भणभण असेल तर फिल्टर किंवा त्याची चॅसिसशी जोडणी बघा. पेन्सिलने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा, घंटेसारखा वाजला तर तो पहिल्या, म्हणजे गिटारच्या जॅकजवळच्या, जागेवर नको.

‘बुवा’ आणि ‘पेटी’ पुसले नाहीत. बुवांच्या जॅकला गेन (सिग्नल वाढवण्याची पट) जास्त आहे, बहुधा माइकसाठी वाढवलेला. तोही सात गोलांपैकी एक, आणि तो मी तसाच ठेवला. साधं वाजवायचं असेल तर गिटार पेटीत लावतो. आवाज फाटायला हवा असला की बुवांत.

मागची फळी बंद करायच्या आधी तिला बारीक जाळी लावा, उंदीर परत येतातच. आणि एक मोजमाप रात्री अकरानंतर करा, गावावरचा लोड उतरल्यावर. माझ्या सॉकेटला तेव्हा २५१ आले, आणि २४०च्या टॅपवर हीटरला ६.६.